गोचीड मोजायचे कसे? नागपूरच्या पायवाटांवर पांढरं कापड ओढताना

‘यंदा गोचीड फार झालेत.’ रामटेकच्या पायथ्याशी ढोरं चारणारा ढोरकी हे म्हणतो, गोरेवाड्याच्या बाजूला पहाटे फिरायला जाणारे काका म्हणतात आणि गुरांचे डॉक्टरही म्हणतात. तिघंही खरं बोलत असतात. पण ‘फार’ म्हणजे किती? मागच्या वर्षीपेक्षा जास्त, की पलीकडच्या वाटेपेक्षा? कुत्र्याच्या कानात दिसले म्हणून गवतातही तेवढेच असतील का? या प्रश्नांची उत्तरं मोजल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक मीटर पांढरं कापड, एक वही आणि महिन्यातून एक सकाळ पुरते. खरं अवघड काम आहे ते दर वेळी तसंच्या तसंच मोजण्याचं. म्हणून हा लेख जरा तपशिलात लिहितो आहे.

आधी आपण काय मोजतोय ते

गोचिडाच्या आयुष्यात अंडं, लार्व्हा (पिल्लू), निम्फ (अर्धवट वाढलेला गोचीड) आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. लार्व्हाला सहा पाय असतात, निम्फ आणि प्रौढाला आठ. अंडं सोडलं तर प्रत्येक अवस्थेला रक्त लागतं. ते मिळवायला बरेच गोचीड गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या काडीवर चढतात, पुढचे पाय पसरून बसतात आणि जवळून जाणाऱ्या अंगाला चिकटतात. गवतावरून कापड ओढून गोचीड मोजायची पद्धत याच सवयीवर उभी आहे. गोचिडाच्या लेखी आपलं कापड म्हणजे जवळून गेलेलं एक जनावरच.

सगळे गोचीड मात्र असे वागत नाहीत, आणि मोजणारे नेमके इथे फसतात. आपल्या भागात ओळखून ठेवावेत असे तीन गट आहेत.

गायी-म्हशींवरचा नेहमीचा गोचीड ऱ्हिपिसेफॅलस गटातला. तो लार्व्हा असताना एकदा जनावरावर चढला की निम्फ आणि प्रौढ होईपर्यंत त्याच अंगावर राहतो. पोट भरलेली मादी खाली पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून या जातीचे फक्त लार्व्हा गवतावर सापडतील. कापडावर प्रौढ आला नाही म्हणून ‘इथे गुरांचे गोचीड नाहीत’ असं म्हणता येत नाही. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड याच गटातला, पण तो कुत्र्याच्या बसायच्या जागेजवळ, भिंतीच्या भेगांत राहतो. रानातल्या कापडावर तो क्वचितच येतो.

दुसरा गट हिमाफिसॅलिस, म्हणजे जंगलातला गोचीड. याची प्रत्येक अवस्था नवं जनावर शोधते, त्यामुळे लार्व्हा, निम्फ आणि प्रौढ तिन्ही कापडावर येऊ शकतात. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेलेला क्यासनूर जंगल रोग, म्हणजेच माकडताप, याच गटातल्या एका जातीमुळे पसरतो. २०१६ मध्ये तो आपल्या राज्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. तिथलं दमट रान आणि आपलं कोरडं सागाचं रान यात मोठा फरक आहे. तिकडची भीती जशीच्या तशी इकडे आणू नका, पण हा गट दिसला तर नोंद नीट ठेवा.

तिसरा गट हायलोमा. मोठा, लांब तोंडाचा, पायांवर फिकट पट्टे असलेला. याचे प्रौढ गवतावर वाट बघत बसत नाहीत, सावज जाणवलं की जमिनीवरून धावत येतात. कापडाने हे मोजायला गेलात तर आकडा खोटा येईल. २०११ मध्ये गुजरातेत क्रायमियन काँगो तापाची साथ आली, तो ताप पसरवणारा हाच गट.

वाट निवडणं आणि परवानगी

पेंच, बोर, उमरेड-करांडला या संरक्षित जंगलांत पायी हिंडून कापड ओढायचा विचारही करू नका. वाघ आहेतच, शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो. ज्या वाटांवर लोकांना पायी जायची मुभा आहे त्याच निवडा. अंबाझरी जैवविविधता उद्यानातल्या वाटा, सेमिनरी हिल्सचा परिसर, गोरेवाड्याची खुली बाजू किंवा रामटेकला अंबाळा तलावाकडून गडावर जाणारी वाट चालेल. तिथेही वाट सोडून झाडीत शिरायचं असेल आणि नमुने गोळा करायचे असतील, तर ती जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. अर्जात कापडाचं माप, तारखा आणि माणसांची संख्या लिहा. पांढरं कापड घेऊन झाडीत फिरणारी दोन माणसं पाहिली की पहारेकऱ्याला शंका येणारच.

एका वाटेवर तीन प्रकारच्या जागा धरा: ढोरं चरतात तो गवताळ भाग, सागा-पळसाखालचा पाचोळ्याचा भाग आणि पाण्याकाठचा ओला भाग. प्रत्येक प्रकारात २० मीटरचे १० तुकडे पाडले की एकूण ३० होतात. आपला सगळ्यांचा हात आपोआप जिथे मागे गोचीड सापडले होते त्याच जागेकडे वळतो. ते टाळायला तुकड्यांची सुरुवात घरी बसून चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि फोनच्या जीपीएसवर खूण करून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच खुणेला या, पण दोन-तीन मीटर बाजूने समांतर चाला, कारण आधी ओढलेल्या पट्ट्यातले गोचीड आपणच कमी केलेले असतात.

माणसं चालतात तो वाटेचा काठ आणि पाच मीटर आतली झाडी यांची बेरीज एकत्र करू नका. गुरं, रानडुकरं, कुत्री सगळी वाटेनेच जातात, त्यामुळे काठाचा आकडा वेगळा असू शकतो. वाटेने चालणाऱ्याच्या दृष्टीने काठाचाच आकडा महत्त्वाचा आहे.

कापड

साधं सुती कापड किंवा चादर नको, गुळगुळीत कापडावर गोचिडाची पकड बसत नाही. पांढरी फलालीन घ्या, लहान बाळांच्या दुपट्यांना वापरतात ती लवदार. गांधीबागेत कुठल्याही कापडवाल्याला फलालीन म्हणाल तर तो थान पुढे टाकेल. दीड मीटर घ्या. कापून एक मीटर रुंद आणि एक मीटर लांब मिळालं पाहिजे, उरलेलं दुमडायला लागतं. पुढच्या काठाला नेफा शिवून त्यात बांबूची काठी किंवा पाण्याचा अर्ध्या इंची पाइप घाला आणि दोन टोकांना नायलॉनची दोरी बांधा. मागच्या काठाच्या दुमडीत मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या शिवा. हे वजन नसेल तर मागचा काठ वाऱ्यावर तरंगतो, गवताला टेकत नाही, आणि मग ‘गोचीड नाहीत’ असा समज होतो.

पहिल्या वर्षी आम्ही कार्तिकात कापड ओढलं आणि पन्नास पावलांत ते कुसळांनी इतकं भरलं की त्यात गोचीड शोधणं अशक्य झालं. पावसाळा सरला की आपल्या माळावरची कुसळी आणि लांडगा ही चिकटणाऱ्या बियांची गवतं-तणं फलालीनवर तुटून पडतात. तेव्हापासून दोन कापडं नेतो. एकावर कुसळं चढली की तुकडा पूर्ण करून कापड बदलायचं आणि भरलेलं सावलीत बसून साफ करायचं. साफ करताना कुसळांत अडकलेले लार्व्हा मिळतात, त्यांची नोंद ते कापड ज्या तुकड्यावर होतं त्याच तुकड्याला करा.

घाणेरीच्या जाळ्यांत कापड ओढता येत नाही, फाटतं. तिथे तेच कापड काठीला झेंड्यासारखं एका बाजूने बांधा आणि झुडपांवरून, खालून, बाजूने फिरवा. याला क्षेत्रफळ नसतं, म्हणून वेळ मोजा: पाच मिनिटं फिरवलं, इतके सापडले. झेंड्याचा आकडा आणि ओढण्याचा आकडा एकाच तक्त्यात कधीही मिसळू नका.

बाकीच्या वस्तू थोड्या आहेत. टोकदार चिमटा, बारीक रंगाचा ब्रश, रुंद पारदर्शक चिकटपट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, घट्ट झाकणाच्या छोट्या कुप्या आणि त्यात ७० टक्के अल्कोहोल, तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, शिसपेन्सिल. कुपीतली चिठ्ठी शिसपेन्सिलनेच लिहायची, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिनाभराने हातात कोऱ्या चिठ्ठ्या राहतात.

कधी जायचं

दव वाळल्यावर. गवत ओलं असेल तर फलालीन भिजून लव बसते आणि गोचीड पकडत नाही. पावसाळ्याच्या उघडिपीत आणि हिवाळ्यात साडेआठ ते अकरा ही वेळ बरी. उन्हाळ्यात सात वाजताच सुरू करा, कारण ऊन तापलं की गोचीड अंगातलं पाणी वाचवायला पाचोळ्यात खाली उतरतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी मोजून शून्य आलं, तर तो आकडा गोचिडांचा नसून उन्हाचा आहे. वारा जोराचा असेल किंवा आदल्या रात्री मोठा पाऊस झाला असेल तर दिवस बदला. प्रत्येक फेरीला सुरुवातीला आणि शेवटी तापमान, आर्द्रता, आभाळ आणि वारा लिहा.

वर्षभर दर महिन्याला एक फेरी झाली तरच हंगाम दिसतो. ते जमत नसेल तर निदान जूनअखेर, सप्टेंबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी सोडू नका. नोव्हेंबरचा आग्रह विशेष धरतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला रामटेकला शेकडो पावलं त्याच गवतातून जातात.

प्रत्यक्ष ओढणं

दोघं हवेत. एकाने ओढायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि तपासायचं. अंगात फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, पायांत बूट. कीटकरोधक मलम लावायचं असेल तर लावा, पण त्या हातांनी कापडाला शिवू नका. ज्याने मलम लावलंय त्याने लिहायचं काम घ्यावं.

दोरी हातात धरून कापड बाजूने किंवा मागून जमिनीलगत ओढा. २० मीटरला साधारण एक मिनिट, म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालतो त्या चालीने. घाई केली की कापड उड्या मारतं. तुकडा संपला की थांबा, कापड उलटून दोन्ही बाजू, दुमडी आणि काठीजवळची शिवण पाहा. त्यापेक्षा लांब अंतर एका दमात ओढू नका, चिकटलेले गोचीड पुढच्या गवतात परत उतरतात. कापडानंतर दोघांनी एकमेकांचे पायही तपासावेत. कपड्यांवर सापडलेले गोचीड वेगळ्या रकान्यात लिहा, कापडाच्या आकड्यात धरू नका.

प्रौढ आणि निम्फ चिमट्याने उचलून कुपीत टाका. लार्व्हाचं काम वेगळं. कधी कधी कापडावर अचानक मिरपूड सांडल्यासारखा डाग दिसतो आणि पाहता पाहता पसरायला लागतो. एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेली ती सगळी पिल्लं असतात. घाबरून झटकू नका. चिकटपट्टी दाबून सगळी उचला, पट्टी पांढऱ्या कागदावर लावा, त्यावर तुकड्याचा क्रमांक लिहा आणि घरी भिंगाखाली मोजा. मोजणीही होते आणि ती अंगावर चढायचंही टळतं.

ज्या तुकड्यात काही सापडलं नाही तिथे ० लिहा. रिकामी जागा सोडू नका. दोन महिन्यांनी त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘नव्हते’ की ‘पाहिलंच नाही’ हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या वहीत बहुतेक पानांवर शून्यंच आहेत आणि त्या वहीची खरी किंमत त्या शून्यांत आहे.

प्रत्येक तुकड्यासाठी लिहायचं ते असं: तारीख, वेळ, तुकड्याचा क्रमांक, जागेचा प्रकार, गवताची उंची (घोटा, पोटरी, गुडघा इतपत पुरे), ताजं शेण किंवा लेंड्या आहेत का, लार्व्हा, निम्फ, नर, मादी. आणि ओढणाऱ्याचं नाव. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, म्हणून शक्यतो वर्षभर एकानेच ओढावं.

आकड्याचं काय करायचं

समजा ३० तुकडे ओढले, म्हणजे ६०० चौरस मीटर. त्यात ७ निम्फ आणि २ प्रौढ मिळाले. बेरीज ९, भागिले ६००, गुणिले १००, म्हणजे १०० चौरस मीटरला १.५. हा झाला गोचिडांच्या घनतेचा निर्देशांक. निर्देशांक म्हणायचं कारण असं की कापडाला गवतातल्या गोचिडांचा लहानसा हिस्साच लागतो. ‘या वाटेवर एकूण इतके गोचीड आहेत’ असं यावरून सांगता येत नाही. ‘सप्टेंबरपेक्षा नोव्हेंबरमध्ये जास्त’ हे सांगता येतं.

लार्व्हा यात मिसळू नका. समजा त्याच फेरीत एका तुकड्यात १४० आणि दुसऱ्यात ६४ लार्व्हा आले, उरलेल्या २८ तुकड्यांत शून्य. सरासरी काढली तर १०० चौरस मीटरला ३४, म्हणजे जणू सगळ्या वाटेवर लार्व्हाच लार्व्हा. प्रत्यक्षात दोन ठिकाणी दोन घोळके बसले होते. म्हणून लार्व्हासाठी ‘३० पैकी २ तुकड्यांत’ असं लिहा आणि शेजारी घोळक्यांचे आकडे द्या. चालणाऱ्यालाही हीच भाषा कळते.

दोन महिन्यांची तुलना करताना संयम ठेवा. या वेळी ९ आणि पुढच्या वेळी १२ मिळाले तर वाढ झाली असं लिहू नका. ९ चं वर्गमूळ ३, म्हणजे निव्वळ योगायोगानेही आकडा तेवढा वर-खाली होतो. गोचीड घोळक्याने राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त होतो. ९ चे ४० झाले, किंवा गोचीड सापडलेले तुकडे ४ वरून १५ वर गेले, तर मात्र बोलण्यासारखं काही आहे.

कापडाला न सापडणारे

हायलोमासाठी सुक्या बर्फाचा सापळा लावतात. थर्माकोलच्या छोट्या डब्याला खालच्या बाजूने भोकं पाडा, आत अर्धा किलो सुका बर्फ ठेवा आणि डबा एक मीटर पांढऱ्या चादरीवर मधोमध ठेवून दोन तास थांबा. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड म्हणजे गोचिडाच्या दृष्टीने जनावराचा श्वास. सुका बर्फ उणे ७८ अंशांचा असतो. जाड हातमोज्यांशिवाय हात लावू नका, घट्ट झाकणाच्या भांड्यात भरू नका आणि गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा.

गुरांवरचे मोजायचे तर ढोरक्याशी आधी बोला, सरळ जनावराला हात घालू नका. ते आपली जनावरं चांगली ओळखतात आणि कुठल्या गायीवर जास्त आहेत हे न विचारता सांगतात. एका जनावराच्या एकाच बाजूवरच्या साडेचार ते आठ मिलिमीटरच्या फुगलेल्या माद्या मोजून दुप्पट करायची, अशी जुनी रूढ पद्धत आहे. कान, गळ्याखालची पोळी, कास आणि शेपटीचं बूड आधी पाहा. गेल्या पंधरा दिवसांत औषध मारलं का, हेही विचारून लिहा.

ओळख

भिंगाखाली गटापर्यंतची ओळख जमते. ऱ्हिपिसेफॅलसचं तोंड आखूड आणि तोंडाचा पाया षटकोनी. हिमाफिसॅलिसला डोळे नसतात आणि तोंडाजवळच्या मिशांचा दुसरा सांधा बाहेरच्या बाजूला फुगलेला असतो. हायलोमाची खूण वर दिलीच आहे. जातीचं नाव स्वतःहून लिहू नका. आपल्या सेमिनरी हिल्सजवळ नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या परजीवीशास्त्र विभागाला चिठ्ठीसह कुप्या दाखवण्याबद्दल आधी विचारून ठेवा.

एक गफलत मात्र आपल्याकडे वारंवार होते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण सापडले, काही दगावलेही. तेव्हा घरोघरी ‘गोचिडाचा ताप’ असं बोललं गेलं. तो रोग गोचिडामुळे होत नाही, चिगर माइट नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या पिल्लामुळे होतो. त्या पिल्लालाही सहाच पाय असतात, म्हणून घोळ होतो. पण ते तांबूस-नारिंगी आणि सुमारे पाव मिलिमीटरचं असतं, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल एवढं. गोचिडाचा लार्व्हा त्याहून मोठा, चपटा आणि तपकिरी असतो. कापडावर नारिंगी ठिपके दिसले तर तेही चिकटपट्टीवर घ्या, पण नोंद वेगळ्या रकान्यात करा.

घरी परत आल्यावर

काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी, कानामागे, कंबरपट्ट्याची रेघ, केसांत पाहा. आरसा आणि घरातलं दुसरं माणूस, दोन्हींची मदत घ्या. चिकटलेला गोचीड सापडला तर टोकदार चिमट्याने कातडीलगत तोंडाशी धरून सरळ, एकसारखा वर ओढा. चटका देणं, रॉकेल, तेल, तंबाखू हे सगळे उपाय सोडून द्या, त्याने गोचीड आतली लाळ जखमेत सोडू शकतो. नखांत चिरडू नका. जागा साबणाने धुवा, गोचीड कुपीत ठेवा आणि कुपीवर तारीख लिहा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ किंवा चाव्याच्या जागी काळी खपली दिसली तर डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगा: रानात गेलो होतो, अमुक तारखेला गोचीड चावला. या एका वाक्याने निदानाचे दोन-तीन दिवस वाचू शकतात.

फलालीन रानातून निघतानाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, गाडीच्या सीटवर मोकळी टाकू नका. घरी गरम पाण्यात बिनवासाच्या साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. वासाची पावडर आणि कंडिशनर यांचा वास लवेत मुरतो, पुढच्या फेरीला मग कापडाचा भरवसा राहत नाही. वाळलेल्या कापडाची लव हाताने उलटी फिरवून पाहा. ती बसली असेल तर नवं कापड शिवा आणि वहीत त्या तारखेपुढे ‘कापड बदललं’ अशी नोंद करा.